रॅमच्या दोन पट्ट्या, दोन लॉट

"मालक, विंडोज खराब झालीय. फॉरमॅट मारावं लागेल," असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि पेन ड्राइव्ह लावला. बावीस वर्षं मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. एवढा रुबाब पाहिजेच की!

अक्कलकोट रोडवरचा चादरीचा कारखाना. कॉम्प्युटर डिझाइनचा. त्यावर चादरीची नक्षी काढायची आणि ती फाइल पुढं मागावर जायची. नक्षी काढणाऱ्या एकट्या अक्का. विणकर घरातल्या, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. डबल बेडच्या चादरीचं नवीन डिझाइन त्या मशीनला झेपत नव्हतं, अर्धवट उघडून अडकायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी नमुना बघायला येणार होता. पसंत पडला तर सगळे माग चालू, नाहीतर निम्मे बंद ठेवायचे, असं मालकांनी मला दारातच सांगितलं होतं.

म्हणून सकाळी मी रॅम वाढवली. रॅम म्हणजे मशीनची काम पसरायची जागा. आधीची आठ जीबीची एक पट्टी होती, शेजारचा स्लॉट रिकामा. रॅमचे प्रकार असतात, डीडीआर फोरच्या बोर्डात डीडीआर फोरच लागते. डीडीआर थ्रीची खाच दुसऱ्या जागी असते, ती बसतच नाही. मी प्रकार बघितला, स्पीड बघितला. दोन्ही सारखे. आठची दुसरी पट्टी बसवली. स्क्रीनवर सोळा जीबी दिसले आणि मी निवांत चहा घेतला.

दहा-पंधरा मिनिटांत मशीन आपोआप रीस्टार्ट. अक्कांनी डिझाइन परत उघडलं. परत रीस्टार्ट. चौथ्या वेळी मी विंडोजवर खापर फोडून मोकळा झालो.

"दादा, थांबा जरा," अक्का म्हणाल्या. "फॉरमॅट केल्यावर डिझाइनचं सॉफ्टवेअर राहतंय का?"

"नाही. परत टाकायचं."

"कुटनं टाकताय? देणारा माणूस धंदा बंद करून गेला. सॉफ्टवेअरचं लॉक ह्याच विंडोजवर हाय. ते गेलं तर माझी अठरा वर्षांची डिझाइनं उघडायची न्हायत."

मी हे विचारलंच नव्हतं! पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला.

"काल हळू चालत होतं, पण बंद पडत नव्हतं. मग आज तुमी काय घातलं ते दाखवा की."

राग आला, खोटं कशाला सांगू? मालक बघत होते. दोन्ही पट्ट्या काढून दिल्या. अक्कांनी त्या खिडकीपाशी नेल्या, उजेडात धरल्या, उलटसुलट केल्या. सूत तपासायची त्यांची तीच रीत.

"ही दोन्हीकडनं काळ्या तुकड्यांनी भरलेली हाय, ही एकाच अंगानं. लॉट येगळा हाय."

"अक्का, रॅमला लॉटबिट काही नसतं," मी ठोकून दिलं.

"सुताचा काउंट, म्हंजे जाडी, तोच असला तरी दोन लॉटचं सूत आमी एका ताण्यात घालत न्हाय. येगळं येगळं लई चांगलं असतंय. एकत्र आलं की कापडावर पट्टा उठतोय. एकेक लावून बघा की."

एकेक लावून बघितली. जुनी एकटी अर्धा तास व्यवस्थित. नवी एकटी, तीही व्यवस्थित. डिझाइन अर्ध्यावर अडकत होतं, पण मशीन बंद पडत नव्हतं. दोन्ही एकत्र लावल्या, दहा मिनिटांत रीस्टार्ट! काय बाई आहे ही, असं मनात आलं आणि मालकांसमोर तोंडानंही बोललो.

लेबलवरचे आकडे जुळले तरी आतल्या चिपांची मांडणी आणि त्यांचा वेग-वेळेचा हिशेब वेगळा असू शकतो. बहुतेकदा निभावून जातं. कधी जात नाही. म्हणूनच एकत्र तपासलेल्या दोन पट्ट्यांचं जोडपाकीट मिळतं. मी गाडी काढली, नव्या पेठेतून तसं पाकीट आणलं आणि आधीच्या दोन्ही पट्ट्या काढून ही जोडी बसवली.

डिझाइन एका दमात उघडलं. उरलेली नक्षी पुरी करून फाइल मागावर पाठवेपर्यंत, पाच वाजेपर्यंत, अक्का हलल्या नाहीत. माझं काम संपलं होतं, तरी मी बसून राहिलो. एवढ्या मोठ्या चादरीच्या मोराची मान त्या एकेक ठिपका भरत काढत होत्या, आणि एकदाही मागं जाऊन खोडलं नाही. असा हात मी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांचा फोन आला. नमुना पसंत, सगळे माग चालू.

बिघाड झाला की आधी आपण नवीन काय घातलं ते काढून बघायचं. हे मला कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्या दिवशी मी एक एंटर दाबला असता तर त्या बाईंची अठरा वर्षं कायमची कुलपात गेली असती, आणि पावतीवर मी 'सर्व्हिसिंग' असं लिहून घरी गेलो असतो.