बंगलेवाल्यांचा भात

ह्या कानडी मुलखात, सर्जापूर रोडवरच्या आमच्या बंगल्यात पाणी शिरलं, ती गोष्ट सांगताना आता मला हसूच येतं. तेव्हा मुलगा-सून परदेशात आणि घरात आम्ही दोघंच म्हातारे. खालचा मजला कमरेएवढ्या पाण्यात. फ्रिज आडवा तरंगत होता, आणि साखर, गूळ, पिठं, माझं मेतकूट, सगळं गढूळ पाण्यात गेलेलं. वर नेलेला ब्रेड आदल्या दिवशीच संपला होता.

सकाळी शेजारच्यांनी गच्चीवरून ओरडून सांगितलं, बनशंकरीच्या मराठी मंडळाची माणसं ट्रॅक्टरवरून गरम जेवण घेऊन येतायत. ते ऐकून आमच्या ह्यांनी लगेच इन्सुलिन टोचून घेतलं. शिस्तीचा माणूस! "आलंच आता जेवण," म्हणाले.

ट्रॅक्टर खरंच आला. वर माझ्याच वयाची एक बाई, पदर खोचून उभी. तिनं हाक मारली, "अक्का, भात हवाय काय ओ?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नको नको, राहू दे, दुसऱ्यांना द्या!"

अहो, पुण्यात वाढले मी! पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणायचं नसतं, हे लहानपणापासूनचं बाळकडू. समोरच्यानं आग्रह करायचा, आपण आढेवेढे घ्यायचे, मग ताट पुढे ओढायचं. पण पुराच्या पाण्यात कोण आग्रह करत बसणार? बाई "सरी, बरं" म्हणाली आणि ट्रॅक्टर पुढे गेला.

"अगं, काय केलंस हे?" हे मागून म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मी झटकन वळले. बघते तर कपाळावर घाम, बोटं थरथरतायत. टोचून झालेलं, आणि पोटात अन्नाचा कण नाही; रक्तातली साखर भराभर उतरत चाललेली.

मग लाजबिज गेली खड्ड्यात. बाल्कनीतून मी अशी बोंब ठोकली की बास! "ओ बाई! थांबा! हवंय! आम्हाला हवंय!" उभ्या जन्मात इतक्या मोठ्यानं मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शरम वाटत होती आणि भीती त्याहून जास्त.

ट्रॅक्टर मागे आला. ट्रॅक्टरवाला कुरकुरत होता, "बंगलेवाल्यांना कशाला? हे काय, फोनवर मागवतील."

"ह्या पाण्यात कोण आणून देणार रे त्यांना? गप बस की स्वल्प," बाई त्याच्यावर खेकसली आणि भाताचं पातेलं डोक्यावर घेऊन पाण्यातून वर आली.

डाळ-भाज्या घातलेल्या बिसीबेळे भाताची वाफ दरवळली. वाटलं, सुटलो एकदाचे. पण आमचे महाशय! थरथरत्या हातात घास धरून तिला विचारतायत, "मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या पोळीवाल्या बाई राहतात. तिकडे पोचलं का? मदत आधी त्यांना. आमच्यासारख्यांनी घेणं बरं दिसत नाही." कुठेही पूर आला, भूकंप झाला की न चुकता देणगी पाठवणारा हा माणूस. घेणाऱ्यांच्या पंगतीत बसायचं कसं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आधी गिळा हो!" मी किंचाळले.

बाई मात्र शांतपणे त्यांच्याजवळ टेकली. "तिकडं सकाळीच वाढून आलो, अण्णा. त्या बाईनंच सांगितलं, पलीकडं बंगल्यात दोघं म्हातारी अडकल्यात, काकांना शुगर हाय, आधी त्यांच्याकडं जावा. कुठला बंगला तेवढं आम्हाला कळंना, म्हणून दारोदार विचारत चाललो होतो. अक्का नको म्हणाल्या, म्हणून वाटलं, ह्ये घर नव्हं."

ह्यांनी घास तोंडात घातला. मान खाली घालून, पोटभर जेवले, आणि जेवता जेवता लहान पोरासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ह्या गावात आपलं कोण आहे, असं मी उठताबसता म्हणायचे. त्या दिवसापासून म्हणत नाही.