बहीण परळात होती

माझी धाकटी बहीण परळच्या मोठ्या इस्पितळात होती आणि मी चिंचपोकळीला. मधे बसचे चार थांबे. ती मला बोलवत होती आणि मला ते कळलं नाही. सगळे विचारतात, आजच्या काळात असं होतं कसं? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. प्रत्येकाच्या खिशात फोन होता म्हणूनच झालं. कसं ते सांगते.

बहिणीला मशेरीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी दातांना घासायची. गावाकडे बायकांचा दिवस त्याशिवाय सुरू होत नाही. मलाही सवय होती. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा सासूने डबी उचलून मोरीत टाकली आणि वर चार शिव्या दिल्या. तेव्हा राग आला होता. बहिणीचं सासर कणकवलीकडे, तिथे सासूच मशेरी भाजून द्यायची. तिची काही सुटली नाही.

आम्ही दोघी चौथीपर्यंत शिकलो. वाचता येतं, पण त्या बारीक काचेवर बोटाने लिहायला जमत नाही. मुलाने नवा फोन घेतला तेव्हा त्याचा जुना मला दिला आणि मेसेजचं ते ॲप लावून दिलं. त्यात बटण दाबून बोललं की बोलणं तसंच्या तसं पोचतं. बहिणीकडे स्वतःचा फोन नव्हता. तिचा मुलगा सकाळी आपला फोन तिच्या हातात द्यायचा. ती चुलीपुढे बसून बोलायची. मागे कोंबड्या ओरडत असायच्या.

"काय गो अक्का, उठलंस? आज काय रांदतंस?"

मी म्हणायची, बांगडा. मग तिचं सुरू. "तुमचो बांगडो मेल्यावर मुंबई बघूक येता. त्याका काय चव?"

मी सांगायची, तुझ्या नवऱ्याला पाठव, त्यालाही मेल्याशिवाय मुंबई बघायला मिळणार नाही. यावर ती इतकी हसायची की पुढचं काही कळायचंच नाही. असं रोज. दोघींची आई गेल्यावर मी तिला आईसारखी झाले असं लोक म्हणतात. मी काही आई झाले नाही. मी तिच्याशी भांडायची आणि ती माझ्याशी. पण रोज.

घरात वायफाय आहे. मुलगा म्हणाला, "आई, तू साधा फोन कुणाला करतेस? सगळं तर ह्याच्यावरच चालतं. रिचार्ज कशाला मारायचा?" मला पटलं. मग माझ्या नंबरावर येणारे फोन बंद झाले. कुणाला कळलंही नाही, कारण तसा फोन कुणी करतच नव्हतं.

आता आमच्या खोलीचं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. लालबागला चाळीत आमची एक खोली होती. गावचं कुणी आजारी पडलं, परळच्या इस्पितळात दाखवायचं असलं, की माणूस सरळ आमच्याकडे उतरायचं. विचारायची पद्धत नव्हती. पहाटे दारावर थाप पडायची. उघडलं की समोर पिशवी, पिशवीत कोकमं आणि कुळथाचं पीठ, आणि मागे आजारी माणूस. मी चहा ठेवायची. माझा नवरा मिलमधून येऊन गॅलरीत पथारी टाकायचा, खोली पाहुण्यांना. महिना महिना माणसं राहिली. एकजण आमच्याकडेच गेला. मी काही फार प्रेमाने केलं असं नाही. पुष्कळदा चिडून केलं, भांडी आदळून केलं. पण केलं. सगळ्यांच्याच खोलीत तसं होतं.

नवरा गेला, मग चाळ पाडायला घेतली. टॉवर होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही चिंचपोकळीला भाड्याच्या घरात आहोत. दोन खोल्या. घर सून चालवते. ती वाईट नाही. पण पाहुणा यायचा असेल तर आधी सांगावं लागतं, कारण तिला नोकरी आहे. मी हे बहिणीला सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. सोफ्यावर बसताना मी पाय वर घेत नाही, असंही सांगितलं होतं. गंमत म्हणून.

एका सकाळी ॲप उघडेना. इंग्रजीत काहीतरी लिहून आलं. सुनेने वाचलं.

"आई, ह्या फोनवर हे आता चालणार नाही म्हणतायत. फोन जुना झाला. हे मॉडेल आता निघतच नाही."

"फोन तर चालतोय."

"फोन चालतो. ते चालत नाही."

"मग फोन घेऊन काय करू, त्याच्यावर पापड लाटू?"

मुलगा म्हणाला, "दिवाळीला सेल लागेल, तेव्हा नवा घेऊ. थोडे दिवस आहेत."

मी म्हटलं, मावशीला तेवढा फोन करून सांग की माझं बंद आहे. तिच्या गालात आतून जखम झाली होती, भरत नव्हती, ते मला माहीत होतं. औषध चालू आहे एवढंच ती सांगत होती. मुलाने कामावर जाता जाता फोन लावला. गावाला रेंज नव्हती. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "अगं, सगळे ग्रुपवर आहेत. काही असलं तर कळेलच ना." दोनतीनदा विचारलं. मग त्याच्या कपाळाला आठी पडायला लागली आणि मी विचारायचं सोडलं. बहिणीच्या मुलाचा नंबर मला पाठ नव्हता. माझ्या लहानपणी कुणाचा नंबरच नव्हता, पाठ करायची सवय कुठली लागणार?

ते दिवस मी नेहमीसारखे काढले. लालबागच्या मार्केटमधून मासे आणले, फराळाची भाजणी केली. गुडघ्याच्या तेलासाठी परळला गेले ती त्याच इस्पितळाच्या समोरून. फुटपाथवर गावोगावची माणसं बसलेली असतात, डबे घेऊन, फाइली मांडीवर घेऊन. मी कुणाकडे बघितलं नाही. चालताना मी खाली बघते, फरशा उखडलेल्या असतात.

दिवाळीच्या आधी मुलाने नवा फोन आणला. ॲप लावायचं तर नंबरावर ओटीपी यायला हवा, म्हणून आधी रिचार्ज मारला. मग सगळं एकदम धबाधबा यायला लागलं. शुभ सकाळ, दत्तगुरू, कुणाचा वाढदिवस, परत शुभ सकाळ. सून हसून म्हणाली, "आई, तुमच्यावाचून देव अडून राहिले होते."

त्यात भाच्याचं लिहिलेलं होतं. तिनेच वाचलं. मावशी, आईला परळला आणतोय, तुमच्याकडे उतरलो तर चालेल का? त्याच्याखाली, मावशी, निघालो. त्याच्याखाली, मावशी, पोचलो, धर्मशाळेत जागा मिळाली आहे. सून वाचता वाचता थांबली.

मग बहिणीचा आवाज. कोंबड्या नव्हत्या. मागे कुठेतरी ट्रॉली ओढल्याचा आवाज होता.

"अक्का, मी इलंय गो परळाक. खंय आसस?"

पुढच्यात ती हळू बोलत होती, जीभ जड झाल्यासारखी. "उद्या सकाळी माका आत नेतले. डॉक्टर म्हणतत, मगे धड बोलूक येवचा नाय. तू ये. तुका एक सांगूचा आसा. फोनार सांगूसारख्या नाय."

त्याच्यापुढे काही नव्हतं. ते बोलणं केव्हाचं ते सुनेने बघितलं आणि फोन उलटा ठेवला. त्या उद्याला तीन आठवडे होऊन गेले होते.

मुलगा आपल्या फोनवर ग्रुपमधलं जुनं बघत होता. भाच्याने तिथेही लिहिलं होतं, आईचं ऑपरेशन आहे, परळला आहोत. खाली सगळ्या नातेवाइकांनी नमस्काराचे जोडलेले हात टाकले होते. त्या हातांत माझ्या मुलाचेही होते.

"मी वाचलंच नव्हतं," तो म्हणाला.

"मग हात कशाला जोडलेस?" सुनेने विचारलं.

"सगळे टाकतात म्हणून."

"तू सगळ्यालाच जोडतोस. परवा सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीलाही जोडलेस."

 त्याचं तोंड बघवत नव्हतं. भाच्याला फोन लावायला सांगितलं. या वेळेला रेंज होती. भाचा लांबच्या माणसाशी बोलावं तसा बोलला.

"आम्ही गावी आलो, मावशी. चार दिवस झाले."

"मला फोन का नाही केलास?"

"केला. नंबर बंद म्हणून सांगत होते."

"मग घरी यायचं. पाय मोडले होते?"

"चाळीत गेलो होतो. पत्रे मारलेत. नव्या घराचा पत्ता आईकडे होता, पण तिने जाऊ दिलं नाही. म्हणाली, उत्तर नाही म्हणजे सुनेच्या घरात तिची अडचण असेल, आपण जाऊन तिला खाली बघायला लावायचं नाही." मग तो म्हणाला, "दादाने हात जोडले होते ना. म्हणजे घरात वाचलं होतं तुम्ही."

ही माझीच बहीण. आमच्या खोलीत कितीतरी वेळा न विचारता येऊन उतरलेली, येताच माझा डबा उघडून लाडू खाणारी. तिच्या हाताशी फोन नसता तर ती दारावर थाप मारून उभी राहिली असती. विचारलं म्हणून उत्तराची वाट बघत बसली. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत ती दाराकडे बघत होती, हे भाच्याने नाही, त्याच्या बापाने मला नंतर सांगितलं.

भाच्याने व्हिडिओ लावला. तिच्या अर्ध्या तोंडावर कापड होतं आणि नाकात नळी. मी म्हटलं, मला मिळालंच नाही गं काही, माझा फोन बंद होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फोन बाजूला करायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गावाला गेले. पहिला दिवस तिने माझ्याकडे पाठ करून काढला. मी तिथेच बसून राहिले. मला जायला दुसरी जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाने तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, हात कसे टाकले तेसुद्धा. त्याला रडू आलं. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशी, आणि भाच्याला खूण केली की ह्यांना जेवायला वाढ. ती स्वतः नळीने पेज घेत होती. मी तिच्यासमोर बसून मासे जेवले. जेवले नसते तर तिला राग आला असता.

मुलगा परतला, मी राहिले. रोज सकाळी मी तिला विचारायची, तुला काय सांगायचं होतं? ती हात हलवायची, जाऊ दे म्हणून. मी पेन्सिल दिली. चौथीपर्यंतची अक्षरं तिला येत होती. तिने पेन्सिल घेतली, माझ्याकडे बघितलं आणि परत दिली. एकदा तिने बोलायचा प्रयत्न केला. नुसता घरघराट निघाला. तिलाच त्याची लाज वाटली आणि तिने तोंडावर पदर ओढला. त्यानंतर मी विचारलं नाही. मीच बोलायची, दिवसभर. काहीही बोलायची, मिलचं, चाळीचं, सुनेचं. ती डोळे मिटून ऐकायची.

ती शिमग्याआधी गेली.

मुंबईला आल्यावर जुना फोन घेऊन लालबागच्या मोबाइलवाल्यांकडे फिरले. तिची रोज सकाळची बोलणी त्यात आहेत, कित्येक वर्षांची. एकजण म्हणाला, "आजी, आत असेल सगळं, पण ॲप उघडल्याशिवाय निघत नाही, आणि ते ह्याच्यावर उघडणार नाही." दुसरा म्हणाला, ठेवून जा, बघतो. मी ठेवून आले नाही. भाच्याच्या फोनमधली त्याने जागा भरली म्हणून कधीच पुसली होती. नव्या फोनमध्ये इस्पितळातली तेवढी आहेत. ती मी ऐकत नाही.

बाराव्याच्या दिवशी तिच्या नवऱ्याला मी विचारलं होतं, तिला मला काय सांगायचं होतं? तो म्हणाला, "तुका बघूची होती, दुसरा काय असतला." भाचा म्हणाला, तिच्या सोन्याच्या बांगड्यांचं असेल, माझ्या बायकोला द्यायच्या की नाही ते. शेजारीण म्हणाली, भीती वाटत असेल. ह्यातलं काहीही असेल. पण तिला नुसतं मला बघायचं असतं तर तिने तेच सांगितलं असतं, आणि बांगड्यांचं तर ती फोनवर मोठ्याने ओरडून बोलली असती, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. भीती तिला वाटली असेल, पण ते सांगायला तिने मला परळात बोलावलं नसतं. तिला मी ओळखत होते. तिच्याकडे काहीतरी होतं, मलाच सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही. मी वर्षभर विचार करते आहे आणि मला ते कळलेलं नाही.