बंगलोरच्या वारेनिकींना बेळगावची मुरड

हल्ली बंगलोरचं तिकीट फोनवर मिळतं. आम्ही गेलो ती साठीच्या दशकातली गोष्ट. ताईला दिवस गेले होते आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. भावजींचा निरोप आला तशी आई म्हणाली, "ऊठ गं, पिशव्या भर. माझ्या हातचं खाईल पोरगी." मला काय, बंगलोर बघायला मिळणार म्हणून आनंदच झाला. खोटं कशाला बोलू!

बेळगावहून मीटरगेजची गाडी. बरोबर पाण्याचा तांब्या आणि दशम्या, कारण आई परक्याच्या हातचं म्हणजे काही म्हणजे काही खात नसे. दावणगेरेला फलाटावर लोणी-डोशाचा वास आला. मी नुसती मान वळवली तर आईनं असे डोळे वटारले की भूकच पळाली. तुम्ही मात्र त्या वाटेनं गेलात तर खाऊन घ्या, माझ्या वाटचाही.

बंगलोर स्टेशनबाहेर सकाळचा गारठा होता. जटकेवाला म्हणाला, "स्वल्प सरकून बसा अक्का, घोडा म्हातारा आहे." मल्लेश्वरमच्या पुढं रस्ता कच्चा, दोन्हीकडे नाचणीची शेतं. तिथंच भावजींच्या सरकारी कारखान्याची वसाहत होती. आज त्या बाजूला जाल तर शेताचा मागमूसही दिसणार नाही.

आईनं पदर खोचला. मऊ भात, मेतकूट, आमसुलाचं सार, सगळं करून झालं. ताई खायची आणि मोरीकडे धावायची. गाल पार आत गेले होते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बाळाला धोका आहे.

मग शेजारची ओक्साना एक ताटली घेऊन आली. तिचा नवरा कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. वसाहत तिला "रशियन बाई" म्हणायची आणि ती दर वेळी छातीवर हात ठेवून सांगायची, "युक्रेन!" ताटलीत अर्धचंद्रासारखे पांढरे उकडलेले कानवले, वर लोण्यात परतलेला कांदा आणि घट्ट दही. "वारेनिकी," ती म्हणाली. ताईनं एक खाल्ली, मग दुसरी. आम्ही तस्त घेऊन तयार. काही झालं नाही! ताई चक्क झोपली.

आई मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. "माझं अन्न टाकते आणि परकीचं पचवते," म्हणाली आणि डोळे पुसू लागली. मला फार वाईट वाटलं तिचं.

दुसऱ्या दिवशी ओक्सानानं आईला आपल्या घरात बोलावलं, "अक्का, बा!" बाजारात शिकलेलं मोडकं कानडी तिचं, आणि बेळगावच्या आईला कानडी पाण्यासारखं यायचं. दोघींचं जमलं ते असं. आई उंबऱ्यातच उभी राहिली.

"मोट्टे?" तिनं संशयानं विचारलं.

"मोट्टे इल्ला, अक्का." अंडं नाही.

कोमट पाण्यात भिजवलेला मैदा, आत कुस्करलेला बटाटा आणि परतलेला कांदा. कडा नुसत्या दाबून ओक्सानानं वारेनिकी उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडल्या. दोन फुटल्या. आईला कुठलं राहवतंय! "अगं बाई, मुरड घाल की, मुरड!" म्हणत ती आत आली, पाट ओढला आणि कड दुमडत भराभर मुरड घातली.

ओक्सानानं तिचा हात धरला. "नन्न अम्मा," ती म्हणाली. माझी आई. तिची आई अशीच कड घालायची. इथं एकटीनं करताना हिनं ती सोडून दिली होती. ती रडायला लागली, मग आईही.

आईनं तिला सांगितलं, आमच्यात गौरीला निरोप देताना मुरडीचा कानवला देतात. जा, पण मुरडून परत ये. "तिरुगि बा," आईनं कानडीत समजावलं.

पुढं रोज आई मुरड घालायची आणि ओक्साना उकडायची. ताईचे गाल भरले. आईनं मात्र एकही तोंडात घातली नाही. करायला हात, खायला नाही!

प्रवास झेपेल असं डॉक्टर म्हणाल्यावर आम्ही ताईला बाळंतपणाला घेऊन निघालो. ती परत येईपर्यंत ओक्साना मायदेशी गेलेली असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फाटकाशी तिनं आईच्या हातात गरम डबा दिला आणि म्हणाली, "तिरुगि बा, अक्का."

गाडी सुटल्यावर आईनं झाकण काढलं. प्रत्येक वारेनिकीला मुरड होती, जराशी वाकडी. मी म्हटलं, "तू खाणार नाहीस, ताईला आणि मला दे." आईनं एक उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि तोंडात घातली. सावकाश खाल्ली. मग दुसरी घेतली.

ताईला मुलगी झाली, धडधाकट. ओक्सानाची गाठ काही पुन्हा पडली नाही. बंगलोर म्हटलं की मला बागा-राजवाडे आठवत नाहीत, तो डबा आठवतो. आमच्याकडे अजून वारेनिकी होतात, वर दही आणि कांदा.

आत्या आईला चिडवायची, "काय वहिनी, परकीच्या हातचं खाल्लंत म्हणे?"

आई म्हणायची, "परकी कुठली? मुरड माझीच होती की."