बारवेतलं पाताळ आणि कमल

शूटिंग संपून बरेच महिने झाले, तरी ब्लाउज शिवायला आलेली बाई माप देता देता विचारतेच, "त्या पिच्चरचं काय झालं?" पिच्चरचं काय व्हायचं ते होवो, किस्से मात्र इतके साचलेत की सांगण्याच्या नादात माप राहून जातं. माझं जाफराबादला शिलाईचं दुकान आहे. सिनेमाचे कपडे मी शिवले, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सिनेमा अरुणाचा. टेंभुर्णीची पोरगी, बाहेर जाऊन सिनेमा शिकली आणि परत येऊन ग्रीक पुराणातली गोष्ट घेऊन बसली. एक कवी असतो. लग्नाच्याच दिवशी त्याच्या बायकोला साप चावतो, ती मरते. हा गात गात पाताळात उतरतो. तिथला राजा विरघळतो. म्हणतो, ने तिला, ती तुझ्या मागून येईल. पण वर पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. हा बघतो, आणि ती परत पाताळात जाते.

लोक विचारायचे, यात फायटिंग कुठाय? अरुणा म्हणायची, "न्हाई." बस, एवढंच!

मरणाऱ्या बाईचं काम करायला कुणी तयार होईना. शेवटी कमल तयार झाली. तिचा नवरा अपघातात गेलेला. राहायची थोरल्या दिरांकडे, त्यांच्याच शेतात राबायची. दिरांनी सरळ सांगितलं, पिच्चर केला तर या घरात पाय ठेवायचा नाही. कमलनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शूटिंगला आली.

*

निर्माते पुण्याचे. त्यांनी ग्रीक कपड्यांचे फोटो पाठवले. मी मांजरपाटाचे पांढरे झगे शिवले आणि सगळ्यांना घालून उभं केलं. दवाखान्यातून पळून आलेले पेशंट दिसत होते! अरुणानं एकदा बघितलं आणि म्हणाली, "मावशी, लुगडी काढा." त्या झग्यांच्या मी उशीच्या खोळी केल्या.

मग त्याच निर्मात्यांचा फोन आला. शेवट गोड करा, बायकोला घरी येऊ द्या, लोक रडत बाहेर पडले तर बघायला कोण येईल? अरुणा माझ्याच दुकानात बसली होती. म्हणाली, "गोष्टीत ती वापस जाते. माझ्या सिनेमात बी जाईल." आणि फोन ठेवून दिला. पोरगी हट्टी, पण मला तिचा हट्ट आवडायचा.

*

कवी झाला बाळू. मेंढरं राखणाऱ्या घरातला, गळा असा की ऐकत राहावं. गोष्टीत कवी गायला लागला की जनावरंसुद्धा जागेवर थांबतात. बाळूनं त्याचं रोजचं आवडतं गाणं सुरू केलं आणि सगळा कळप वळून गावाकडे चालायला लागला. तेच गाणं तो रोज सांजच्याला मेंढरं घरी नेताना म्हणायचा ना! कॅमेरावाला मेंढरांमागे पळाला. बाळू गायचा थांबेना, कारण कट कुणी म्हटलंच नव्हतं.

*

लग्नाच्या सीनला कमलला मी हिरवा चुडा भरला, कुंकू लावलं. तेवढ्यात दीर आले. सगळ्यांसमोर म्हणाले, विधवा बाईनं हे असं नटायचं? भावकीत तोंड कसं दाखवायचं आम्ही?

कमल शांतपणे म्हणाली, "दादा, लगीन लागलं की मी लगेच मरते. तेवढं तर चालंल ना तुमाला?"

दीर मोटरसायकलला किक मारत राहिले. ती काही जल्दी चालू होईना.

*

मग अंत्ययात्रा. मढं खोटं, लाकडं खरी, माणसं गावातली. अरुणा सकाळपासून बजावत होती, कॅमेऱ्याकडे बघू नका. स्मशानातून परतायचा शॉट झाला आणि तिनं मागून हाक मारली, "या वापस, अजून एकदा!" कुणी वळेना. ती जोरात ओरडली, तर माणसं आणखी भरभर चालायला लागली. मसणवाट्यातून निघाल्यावर मागं बघायचं नसतं, हे आपल्याकडे लेकरालाही ठाऊक आहे. सगळे घरी गेले, आंघोळी केल्या आणि ओट्यावर बसले.

अरुणा जीप घेऊन त्यांच्या मागं. एक आजोबा तिला म्हणाले, "मढं खोटं आसंल बाई, आमी तर खरे हाओत ना." त्या दिवशीचं शूटिंग बुडालं.

*

शेवटचा सीन गावाबाहेरच्या कोरड्या बारवेत होता. तिच्या पायऱ्या म्हणजे पाताळाची वाट. कमल त्या सकाळी कपड्यांची पिशवी घेऊनच आली. दिरांनी ती दाराबाहेर ठेवून कडी लावली होती. मला असा राग आला! मी म्हटलं, माझ्याकडे राहा. ती म्हणाली, आधी सीन करू.

बाळू पुढे, कमल मागे. वरच्या पायरीवर बाळू वळला. आता कमलनं खाली उतरत जायचं होतं. ती चढतच राहिली, बाळूच्या बाजूनं पुढे गेली आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. अरुणानं समजावलं, पुन्हा टेक घेतला. कमल पुन्हा उन्हात. तिसऱ्यांदाही तेच.

अरुणाचा पारा चढला. "कमलताई, त्यानं मागं पाह्यलं की तुम्ही वापस जायचं. गोष्टच तशी हाय."

कमलनं पदरानं तोंड पुसलं.

"मागं पाह्यलं त्यानं," ती म्हणाली, "अन् वापस मी जाऊ?"