पडद्याशेजारची आत्या

कमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडच्या एसटी स्टँडवर होते. महिना उलटला, तरी तिच्याबद्दल अजून ‘आहे’च लिहिलं जातं, मग खोडते... फुलसावंगीच्या शाळेत तिनं आयुष्यभर पोरं शिकवली, पण लोक तिला ओळखत ते दुसऱ्याच कारणानं. आमची आत्या एकदा देशाची पंतप्रधान झाली होती.

म्हणजे पडद्यावर. बांगलादेशच्या युद्धावरचा एक छोटा चित्रपट यवतमाळात बनत होता. ठरलेल्या नटीनं नकार दिला आणि दिग्दर्शकाला कुणीतरी आत्याचं नाव सुचवलं. तेच धारदार नाक, केसांतली तीच पांढरी बट, डोक्यावरचा पदर सावरत तसंच भराभर चालणं! युद्ध सुरू झाल्यावर देशाला धीर देणारं हिंदी भाषण, एवढाच तिचा प्रसंग. महिनाभर तिनं ते घोकलं, अगदी भाकरी थापतानासुद्धा. शेवटी आमच्या सगळ्या आळीला ते तोंडपाठ झालं.

चित्रपट टीव्हीवर लागला त्या दुपारी आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या दिसली, ओठ हलले... आणि आवाज निघाला भलत्याच बाईचा, गुळगुळीत, मुंबईचा. आत्याची हिंदी वऱ्हाडी वळणाची, म्हणून चित्रपटवाल्यांनी परस्पर मुंबईत दुसऱ्या बाईकडून ते वदवून घेतलं होतं. कुणीतरी फिसकन हसलं. त्यानंतर आत्या वर्गातही खालच्या आवाजात शिकवू लागली. मला त्या मुंबईवाल्यांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची आणि आठ-आठ दिवस माप व्हायचं नाही. बाबाही तिथंच अडकले होते, म्हणून मी आणि आत्या डबा घेऊन गेलो. वैतागलेल्या लोकांचं मन रमावं म्हणून तिथल्याच जिनिंग कारखान्याच्या आवारात कुणी पडदा लावला होता, आणि कॅसेट आणली होती नेमकी तीच! भाषण आलं तशी आत्या उठली.

“आवाज बंद कर रे,” ती व्हिडिओवाल्याला म्हणाली.

“काहून, मॅडम?”

“तो आवाज माहा नाही.”

आणि पडद्याशेजारी उभी राहून ती बोलली. घोकलेलं हिंदी नाही, आपल्या बोलीत. “भिऊ नका. घरावर संकट आलं हाये, मले मालूम हाये. पण तुम्ही एकटे नाही. मी कुठी जाऊन नाही राह्यली.”

पडद्यावरचे ओठ आणि तिचे शब्द जुळत नव्हते, पण फिकीर कुणाला होती? गाड्यांवर बसलेली माणसं खाली उतरून पडद्याजवळ सरकली. तांड्यावरच्या एका बंजारा म्हाताऱ्यानं हात जोडले. “याडी, आता पटलं,” तो म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. माप दुसऱ्या दिवशीही झालं नाही. आत्या मात्र सोमवारी वर्गात पुन्हा खणखणीत बोलू लागली.

पुढं त्या पंतप्रधानांवर कितीतरी चित्रपट आले आणि त्यांतली एकही नटी आत्यानं सोडली नाही. “नाक बरं हाये, पण चालते पाहुणीवानी,” असे शेरे ती मारायची. भाषण आलं की रिमोटनं आवाज बंद करायची आणि खुर्चीतून उठून स्वतः सुरू व्हायची.

परवा तिच्या खोलीत बसले होते. टीव्हीवर नवी नटी, तेच युद्ध. भाषण सुरू झालं आणि माझं बोट आपोआप रिमोटवर गेलं. पडद्यावरची बाई मुक्यानं बोलत राहिली. आत्याची खुर्ची रिकामी होती... मग मीच उठले, डोक्यावर पदर घेतला.

“भिऊ नका,” मी म्हणाले. संकटाचं म्हणाले, एकटे नाही तेही म्हणाले. कुठंही न जाण्याचं ते शेवटचं वाक्य तेवढं काही केल्या तोंडातून निघेना.