खिडकीबाहेरचा ड्रमवाला

बायकोनं अन् मी शेवटचं सोबत काय केलं, तर टीव्हीवर शेजाऱ्याचा सिनेमा पाहिला. तो धुमाल पार्टीत ड्रम वाजवायचा. देवरीपासून सालेकशापर्यंतच्या वराती त्याच्या ठोक्यावर नाचल्या. नागपूरच्या पोरांनी त्याच्या वाजवण्यावर अन् दारूवर माहितीपट काढून सीडी दिली होती. पिऊन आमच्या घरात पाय ठेवायचा नाही, हा माझ्या बायकोचा कायदा. म्हणून स्वतःचाच सिनेमा तो अंगणातून, खिडकीच्या गजावर बोटांनी ताल धरत पाहून राहिला होता. टीव्हीतला तो म्हणाला, दारू सुटली.

"काऊन खोटं बोलून राहिला रे?" बायकोनं विचारलं.

"मामी, शूटिंगपुरती सोडली होती ना!"

ती पोट धरून हसली. त्याच रात्री झोपेत गेली.

उठल्याबरोबर घोट पोटात गेला नाही, तर त्याचे हात कापत. सकाळी तो आला, पहिल्यांदा उंबरा ओलांडला, तिच्या पायाशी बसला. तोंडाला वास नव्हता. मग अंगणात तिरडी बांधू लागला. हात असे थरथरत होते की गाठ बसेना. लोक म्हणाले, "सरक बाजूला."

"बांधू द्या त्याले," मी म्हटलं.

ऊन चढलं, पण त्यानं एकही गाठ दुसऱ्याला बांधू दिली नाही.