त्रेसष्टावी भाकर

तिला सगळे चिमटी म्हणत. लोकांना वाटे, हे नाव तिच्या हातातल्या लोखंडी चिमट्यावरून पडलं. खरं तर ते तिच्या दादानं ठेवलं होतं. लहानपणी ती त्याला चिमटे काढायची म्हणून.

आठवडाभर ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करी. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी घरच्या शेगडीवर ती चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर भाजत असे. कागदासारखी पातळ, मोठ्या गुंडीएवढी. चिमटा वडिलांचा. त्याच्या टोकांना दोन गोल पाती होती. एकावर वधस्तंभावरचा ख्रिस्त कोरलेला, दुसरं साफ कोरं. "ही रिकामी कबर," वडील सांगत. "दोन्ही पाती मिटली तरच भाजतं. मधे कोण? मधे आपण, नुसतं पीठ आणि पाणी."

मंडळीची रीत जुनी होती. ज्याला भोजनाला यायचं त्यानं आधी पाळकांसमोर बसून आपलं पाप सांगायचं, 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' हे शब्द ऐकायचे. मग पाळक आकड्याची चिठ्ठी चिमटीकडे पाठवत. नावं नसत. ती तेवढ्याच भाकरी भाजे, एक जास्त नाही, एक कमी नाही.

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाची चिठ्ठी आली: त्रेसष्ट.

चिमटीनं चिठ्ठी दोनदा वाचली. कोण वारलं, कुणाचं लेकरू मोठं झालं, सगळं तिला पाठ होतं. आकडा बासष्ट यायला हवा होता. वाढलेला माणूस एकच असू शकत होता. नऊ वर्षं जो दाराजवळच्या बाकावर बसायचा आणि भोजनाची वेळ झाली की उठून जायचा. दादा.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी चिमटी कामावर गेली आणि आजारी आईजवळ दादाला बसवून गेली. दादा 'आलोच' म्हणून कोपऱ्यावर सामना बघायला गेला. आई पाण्यासाठी उठली, पडली, एकटीच गेली. दफनाच्या वेळी, माती अजून ओली असताना, सगळ्यांसमोर चिमटी म्हणाली, "तू मारलंस तिला." दादानं मान खाली घातली. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

तिनं पीठ कालवलं, चिमटा तापवला, आणि बासष्ट भाकरी भाजल्या. मग शेगडी बंद केली. भांड्याच्या तळाशी चमचाभर पीठ उरलं होतं. ते तिनं फेकलं नाही, भांडंही धुतलं नाही.

दुपारी पाळक डबा न्यायला आले. तिच्या मुलाच्या वयाचे. उभ्या उभ्या त्यांनी मोजलं.

"मावशी, एक कमी आहे."

"माहीत आहे."

"चिमटा बिघडला?"

"चिमट्याला काय धाड भरलीय! मीच नाही भाजली."

पाळक खुर्चीवर बसले. "मग माझी त्याला देईन."

"आणि तुम्ही उपाशी राहणार? शोभतं का पाळकसाहेब?"

"त्याला सांगून बसलोय, क्षमा झाली म्हणून. तोंड माझं, पण शब्द माझे नव्हेत. आता भाकर नाही म्हणून कसा परत पाठवू?"

"आई एकटी मेली," चिमटी म्हणाली.

"हो," पाळक म्हणाले. पुढे समजूत काढली नाही. दाराशी जाऊन वळले. "मावशी, सगळे शिष्य प्रभूला सोडून पळाले होते. कबरेतून उठला त्याच संध्याकाळी तो त्यांच्याकडेच गेला. दारं लावून बसले होते. 'कुठं होतात' असं त्यानं विचारलं नाही. तुम्हाला शांती असो, म्हणाला." डबा टेबलावरच ठेवून ते गेले.

चिमटी डब्याकडे बघत राहिली. बासष्ट. त्यातली एक तिची स्वतःची. ती कशाच्या जोरावर?

नऊ वर्षांपूर्वी त्या दुपारी कामावर निघताना पाण्याचं भांडं तिनंच आईच्या पलंगाजवळून उचलून खिडकीत ठेवलं होतं. पलंगावरच्या इस्त्रीच्या चादरीवर सांडू नये म्हणून. हे तिनं पाळकांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. पाळकांना दर वर्षी सांगितलं, दर वर्षी तेच शब्द ऐकले, दर वर्षी गुडघे टेकून आपली भाकर घेतली. आणि ती चादर अजून तिच्या मनात तशीच कडक होती, एक सुरकुती नसलेली.

ती उठली. शेगडी पेटवली. मनात माया आली नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. मन यायची वाट बघत बसलो तर पीठ आंबेल, एवढंच तिला कळत होतं. चमचाभर पीठ पात्यावर ओतलं, चिमटा मिटला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. जरा जास्तच. कड करपली. दुसरं पीठ नव्हतं. तिनं ती तशीच डब्यात ठेवली आणि डबा स्वतः नेऊन दिला.

सकाळी उजाडता उजाडता उपासना झाली. तो उठला आहे, असं सगळे मोठ्यानं म्हणाले. भोजनाला चिमटी नेहमीसारखी शेवटी गेली. वेदीसमोरच्या कठड्याशी एकच जागा उरली होती. शेजारी दादाचे गुडघे कटकन वाजले. "ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं," पाळक त्याला म्हणाले. मग तेच तिला.

बाहेर पायऱ्यांवर दादा थांबला होता. केस पार पांढरे झालेले.

"चिमटे," तो म्हणाला, "माझी करपली होती."

"आली ना वाट्याला? मग गीळ मुकाट्यानं."

"गिळली."

चिमटीनं कठडा घट्ट धरला. "दादा, त्या दिवशी पाण्याचं भांडं मी खिडकीत ठेवलं होतं."

"माहीत आहे. आई खिडकीखालीच पडली होती ना. आधी मीच आलो होतो."

"मग तेव्हा, सगळ्यांसमोर, बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलंस कुठं?"

पायऱ्यांवरून लोक उतरत होते. चिमटीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि इस्त्री दाबावी तसा एकेक शब्द दाबून म्हणाली, "मी तुला क्षमा केली आहे. मनात अजून काही आलेलं नाही. पण केली आहे."



"माझंही तसंच धर," दादा म्हणाला. "आता जरा हात दे. पायऱ्या उंच आहेत."